चिनारचा रंग किती खुलवावा?

शरद ऋतूत काश्मीरमधील चिनारची पाने लालबुंद होतात. त्यांचे छायाचित्र संगणकावर आणखी लाल करण्याचा मोह तुम्हांला होईल. पण जरा थांबा! नेहमीच्या जेपीईजी चित्रात प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा व निळा हे अंश ० ते २५५ या अंकांनी नोंदलेले असतात. समजा, पानाचा तांबडा अंश २४० आणि त्यावरील शिरेचा २२० आहे. दोन्ही दीडपट केले तर ३६० व ३३० यायला हवेत. पण २५५ च्या पुढे अंकच नाही! मग दोन्ही २५५ होतात, फरक मिटतो आणि शीर पुसट होते. तसे जतन केलेल्या चित्रातून तो फरक परत मिळत नाही. म्हणून मूळ चित्र राखून ठेवा, प्रतीवर रंग बेताने वाढवा आणि शिरांवर नजर ठेवा.