जिताडा कोणाच्या खात्यात?

जैवविविधता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अभयारण्य उभे राहते. मुरूड व रोहा तालुक्यांत १९८६ साली घोषित झालेले फणसाड अभयारण्य आहेच. तेथील शेकरूची काळजी वनखात्याने घ्यावयाची, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पेणच्या खारपट्ट्यातील जिताडा कोणाच्या खात्यात येतो?

या माशाचा जीवनक्रम पाहा. अंडी खाऱ्या पाण्यात. पिल्ले वाढतात खाडीत, तिवरांच्या आसऱ्याने. शेतकरी तीच पिल्ले आणून शेतालगतच्या तळ्यात सोडतात. आता तिवरे पाहते २०१२ साली स्थापन झालेला कांदळवन कक्ष, बांध पाहते खारभूमी खाते, मासेमारी पाहते मत्स्यव्यवसाय खाते आणि पाण्याची शुद्धता प्रदूषण नियंत्रण मंडळ. रोह्यास कुंडलिकेकाठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तेथेही कामाची अशीच वाटणी. प्रत्येक खाते आपला तुकडा पाहते, अख्खा मासा कोणीच पाहत नाही.

सारे गाव एकत्र दिसते ते ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला. म्हणूनच २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या ४१ व्या कलमाने स्थानिक संस्थांवर जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याची जबाबदारी टाकली आहे. गावातील झाडे, मासे, भाताचे वाण, औषधी वनस्पती यांची माहिती लोकांना विचारून 'लोक जैवविविधता नोंदवही'त लिहावयाची, हे समितीचे मुख्य काम. समितीजवळ पोलीस नाहीत; पण तिच्या हद्दीतील जैविक संपत्तीच्या वापराविषयी निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरणाने व राज्य मंडळाने तिचा सल्ला घेतला पाहिजे, असे हेच कलम सांगते. सल्ला द्यावयाचा तर हाती नोंद हवी.

राष्ट्रीय हरित लवादाने या कामास ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती. मुदतीच्या धाकाने वही भरते; ती खरी ठरते गावाला विचारल्यानेच.

येथे आपला संबंध येतो. माझ्या आजोबांना खाडीतील प्रत्येक मासा व त्याचा हंगाम तोंडपाठ; सही मात्र अंगठ्याची. आमच्या घरात लेखणी आली ती माझ्या पिढीला. ज्यांना ठाऊक आहे त्यांना लिहिता येत नाही, आणि ज्यांना लिहिता येते ते विचारीत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावचे रस्ते झाडतो. त्यातील एक दिवस ग्रामपंचायतीची ही वही मागून घ्यावी, कोळी, आगरी व कातकरी वडीलधाऱ्यांपुढे ती वाचावी आणि राहिलेली नावे समितीकडे लेखी द्यावीत. ज्याची नोंदच नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाच्या लक्षात येणार?