पऱ्हाटीचे तक्ते आणि मोळीचे मोल

कापसाची शेवटची वेचणी झाली, की विदर्भातल्या शेतांत वाळक्या पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या राहतात. त्या उपटायचे काम बहुधा भूमिहीन बायामाणसांकडेच येते. कित्येक गावांत 'उपटून घेऊन जा, जळण होईल' एवढ्यावरच त्यांची बोळवण होते. डोक्यावर मोळी घेऊन वस्तीकडे परतणाऱ्या आयाबहिणी आमच्या वाचकांनी पाहिल्या आहेत. अनेकींनी ती मोळी स्वतः वाहिली आहे. याच पऱ्हाटीपासून घरातले पार्टिशन, कपाट, माळा यांना चालणारे तक्ते होतात, हे मात्र फार थोड्या घरांत ठाऊक आहे.

मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्र सरकारी संशोधन संस्था आहे. 'सिरकॉट' या नावाने ती ओळखली जाते. नागपूरलाही तिचे केंद्र आहे. या संस्थेने पऱ्हाटीच्या तक्त्यांची रीत बसवली. रीत समजायला अवघड नाही. पऱ्हाटीचे यंत्रावर तुकडे करायचे, धूळमाती चाळून काढायची, भुसा वाळवायचा, त्यात रासायनिक डिंक मिसळायचा. मग जाडा भुसा मध्ये आणि बारीक वर-खाली असा थर रचून तापत्या दाबयंत्रात दाबायचा. पऱ्हाटीचे खोड लाकडाच्याच जातीचे असल्याने तक्ता टणक होतो.

उसाच्या बगॅसचेही असे तक्ते होतात. पण बगॅस साखर कारखान्याच्या बॉयलरला लागतो, त्यावर वीजही होते. तेव्हा तो स्वस्तात सुटत नाही. पऱ्हाटी मात्र बांधावर जाळली जाते. ती शेतात ठेवणेही धोक्याचे, कारण गुलाबी बोंडअळी वाळल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. २०१७ साली या अळीने विदर्भात केलेला नाश शेतकरी विसरलेले नाहीत.

थोडा हिशेब करू. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, म्हणजे एकरी साधारण एक टन. आठ फूट बाय चार फूट, बारा मिलिमीटर जाडीचा तक्ता पंचवीस किलोच्या आसपास भरतो. ओलावा, धूळ, नासधूस यांत निम्मा माल गेला असे धरले तरी एकरात वीस तक्ते! आम्ही आकडे दोनदा तपासून पाहिले.

हे तक्ते घरात आणताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. आमच्या घरात स्वयंपाकाचा कोपरा वेगळा करण्यासाठी आम्ही भुशाच्या तक्त्याचे पार्टिशन घातले होते. मोरी जवळच. पहिल्याच पावसाळ्यात खालची कड पावासारखी फुगली. विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. मग सुताराने खालचा भाग कापला, पार्टिशन जमिनीपासून दोन इंच वर घेतले आणि सगळ्या कडांना पट्टी मारली. ते अजून उभे आहे. तक्त्याच्या कडेला खिळा धरत नाही, स्क्रूच वापरावा. तक्त्यावर आयएसआयची खूण आणि ३०८७ हा क्रमांक आहे का, तेही पाहावे.

दुसरी गोष्ट वासाची. या डिंकात बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइड असते. नव्या कपाटाजवळ डोळे चुरचुरतात ते त्यानेच. फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला आहे. एका खोलीत सहा माणसे झोपणाऱ्या घरांनी तक्त्याच्या उघड्या कडा झाकाव्यात आणि पहिले काही आठवडे खिडकी उघडी ठेवावी. कारखान्यात हा डिंक हाताळणाऱ्या, भुशाची धूळ गिळणाऱ्या मजुराची काळजी कोण घेणार, हाही प्रश्न आहेच.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले होते, की शेतीवरचा रिकाम्या हातांचा भार उद्योगधंदे वाढल्याशिवाय हलका होणार नाही. पऱ्हाटी हा तसा धंदा गावाच्या शिवारात आणू शकते. ती वजनाला हलकी आणि जागा फार खाणारी. अख्खी ट्रकमध्ये भरून दूर नेणे परवडत नाही. तुकडे गावातच करावे लागतात. ते यंत्र सावकाराच्या किंवा दलालाच्या अंगणात बसणार, की वस्तीतल्या भगिनींच्या बचत गटाकडे? आमच्या मते सारा प्रश्न इथे आहे. कारखाना आला आणि पऱ्हाटीला भाव आला, की आज फुकट मिळणारी मोळीसुद्धा बंद होईल. चूल कशावर पेटवायची आणि बदल्यात हाती काय पडणार, हे आधी ठरायला हवे.

म्हणून येत्या हंगामात उपटणीची मजुरी रोख मागावी आणि पऱ्हाटी त्या मजुरीत धरू देऊ नये. गटाने एक वजनकाटा घ्यावा, कोणत्या शेतातून किती माल निघाला ते वहीत लिहावे. ही वही पुढे बँकेत यंत्रासाठी कर्ज मागताना दाखवता येईल.