पिल्लाआधी आईचा खुराक: वराहपालनातील वनस्पतींचा मागोवा

यवतमाळ जिल्ह्यातला झरी जामणी हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा तालुका. दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडे तेलंगण. इथे मान गाय-बैलांचा आणि शेळीचा. तरीही कोणी वराहपालनाला हात घालणार असेल, तर गाभण डुकरिणीच्या खुराकात कोणती वनौषधी घालावी हा प्रश्न त्याच्यापुढे येणारच. त्याचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांच्या अनुभवात सापडते.

1950 च्या सुमारास अमेरिकेत दिसून आले, की खाद्यात थोडे क्लोरटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घातले तर पिल्ले लवकर वाढतात. मग निरोगी जनावरांनाही रोज प्रतिजैविके देण्याचा प्रघात पडला. जंतू मात्र त्या औषधांना सरावत गेले. 1986 मध्ये स्वीडनने वाढीसाठीची प्रतिजैविके थांबवली आणि 1 जानेवारी 2006 पासून साऱ्या युरोपीय संघाने. सुरुवातीला दूध तोडलेल्या पिल्लांमध्ये हगवण वाढली. तिच्यावर झिंक ऑक्साइडच्या मोठ्या मात्रा आल्या, पण जून 2022 मध्ये त्याही बंद झाल्या. 2015 मध्ये चीनमध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याची क्षमता देणारे जनुक डुकरांतल्या आणि रुग्णांतल्या जंतूंमध्ये सापडले. भारताने 2019 च्या जुलैत अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली.

याच काळात प्रतिजैविकांना पर्याय म्हणून ओरेगॅनो, थाइम, लसूण, दालचिनी यांचे अर्क खाद्यात आले. थाइममधले थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असते. पण या वर्षांतली सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते वेगळीच आहे: लक्ष पिल्लावरून आईकडे वळले.

डुकरीण साधारण 114 दिवसांनी विते. तिच्या वारेतून प्रतिपिंडे पिल्लापर्यंत जात नाहीत, म्हणून पिल्लू जवळजवळ संरक्षणाविनाच जन्मते. पहिल्या दिवसात त्याला सुमारे पाव किलो चीक मिळाला पाहिजे. त्यानंतर आतड्यातून प्रतिपिंडे शोषली जाणे थांबते. म्हणजे पिल्लाचे आरोग्य आईची भूक, तिचे पोट साफ असणे आणि तिला वेळेवर पान्हा फुटणे यांवर ठरते.

वनस्पतींनी इथे किती साथ दिली? ओरेगॅनोच्या तेलाने काही कळपांत डुकरिणी जास्त खाऊ लागल्या, पिल्ले भरली. काही कळपांत फरक दिसला नाही. दूध वाढेल या आशेने दिलेल्या सिलिमारिन या वनस्पतिजन्य अर्काचे निकालही असेच संमिश्र आहेत. आपल्याकडे शतावरी आणि जिवंती दुभत्या जनावरांना देण्याची जुनी रीत आहे, पण त्यांच्या चाचण्या गाई-म्हशींवर अधिक झाल्या. गाईचा अनुभव डुकरिणीला जसाच्या तसा लावता येत नाही. शतावरीचे औषध तिच्या मुळांत असते. जंगलातून मुळे खणत राहिलो तर वेलच संपेल. लागवड करूनच ती वापरावी.

झरीच्या मातीत दोन गोष्टी याहून आधी येतात. पहिली, सरकी. गाय-बैल पचवतात ती सरकी पेंड डुकरांना घातक ठरू शकते, कारण तिच्यात गॉसिपॉल असते. प्रथिनांसाठी इथलीच सोयाबीन पेंड बरी. दुसरी, ऊन. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. यवतमाळच्या उन्हाळ्यात अंगावर पिल्ले असलेली डुकरीण खाणे टाकते आणि दूध आटते. तिला दिवसाला वीस-तीस लिटर गार पाणी, सावली आणि अंगावर पाण्याचा फवारा हवा. हे नसेल तर कुठलाही अर्क तिचे दूध वाढवणार नाही.

ही पायाभरणी झाल्यावर वनौषधी जरूर वापरावी, पशुवैद्यकाला विचारून आणि मात्रा ठरवून, कारण गाभणपणात प्रत्येक वनस्पती सुरक्षित असतेच असे नाही. अर्ध्या डुकरिणींना ती द्यावी, अर्ध्यांना नाही. पिल्लांचे जन्माचे आणि दूध तोडतानाचे वजन वहीत लिहावे. अशा नोंदी गावोगावी जमल्या, तर पुढचा निर्णय झरीचे पशुपालक स्वतःच्या पुराव्यावर घेऊ शकतील.