ब्रेकचा लोचा

धाराशिव जिल्ह्यातलं तुळजापूर सोडलंत. बाईक घाटात, वेग बेताचा, पण ब्रेक सैल! फिट येते तेव्हा मेंदूत बऱ्याचदा असंच होतं. तिथला ब्रेक म्हणजे पेशींना शांत करणारं 'गाबा' हे रसायन.

२००६ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एक जनुक बिघडवलेले उंदीर तपासले. उत्तेजक पेशी ठणठणीत. मरगळल्या होत्या त्या गाबा सोडणाऱ्या. ड्रॅव्हे सिंड्रोमच्या बहुतेक बाळांत तेच जनुक बिघडलेलं असतं. म्हणून कार्बामॅझेपिनसारखं फिटवरचं नेहमीचं औषध त्यांना उलटू शकतं. उरलासुरला ब्रेकही जातो! गोळी न्यूरोलॉजिस्टनं ठरवायची ती यासाठी. (आणि कांदा हुंगवून ब्रेक लागत नाही, बॉस.)

ऑफिसात कुणाला फिट आलीच, तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.