परिचारिकांचे नेतृत्व आणि अनुवादित प्रश्नावलीची सप्रमाणता

अधिकारपद नसतानाही रुग्णाजवळ काम करणारी परिचारिका नेतृत्व करीत असते, या धारणेवर आधारलेली एक प्रश्नावली कॅनडातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली असून, तीत व्यावसायिक कौशल्य, संवाद, सहकार्य, समन्वय आणि माणसे समजून घेण्याची क्षमता या पाच अंगांचा वेध १५ विधानांतून घेतला जातो. असे साधन दुसऱ्या भाषेत नेल्यावर ते जे मोजायचे तेच मोजते का, याच्या पडताळणीस सप्रमाणता तपासणे म्हणतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, मूळ संहिता न पाहिलेली व्यक्ती अनुवादाचे उलट भाषांतर करते आणि दोन्ही संहिता ताडून पाहिल्या जातात; मात्र शब्दशः केलेला बोजड अनुवादही उलट भाषांतरात हुबेहूब जुळू शकतो, म्हणून प्रत्यक्ष परिचारिकांना प्रत्येक विधानाचा कोणता अर्थ लागला हे विचारणे अधिक मोलाचे ठरते. उदाहरणार्थ, डॉक्टरांच्या निर्णयाविषयी शंका मांडण्यासंबंधीचे एखादे विधान, जिथे अधिकारांची उतरंड कडक आहे अशा रुग्णालयात, नेतृत्वाऐवजी केवळ धाडस मोजू लागते, आणि हा फरक शब्दकोशातून कळत नाही. विधानांतील परस्परसुसंगती क्रॉनबाख यांच्या अल्फा या गुणांकाने मोजतात. तो साधारणतः ०.७० किंवा त्याहून अधिक असावा, तथापि फारच जास्त असल्यास तीच गोष्ट पुनःपुन्हा विचारली गेल्याची शक्यता असते. मूळची पाच अंगे नव्या भाषेतील उत्तरांतही वेगळी राहतात की एकमेकांत मिसळतात, हे घटक विश्लेषण या सांख्यिकी तंत्राने तपासले जाते.