1200 रुपयांचं अँगल गेज आणि माझी 4340 रुपयांची चूक



मागच्या व्हिडिओत माझ्या टेबल सॉच्या ब्लेडला चिकटलेली एक छोटी चौकोनी डबी तुम्ही पाहिली असेल. तिला डिजिटल अँगल गेज म्हणतात. घरात वर्कशॉप सुरू करायचं म्हटलं की बरेच जण हे गेज पहिल्या महिन्यातच घेतात. मीही घेतलं होतं, 1200 रुपयांना. तरीही दिवाळीच्या माझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरमध्ये तोंडघशी पडलो. दोष गेजचा नव्हता, माझा होता. तीच गोष्ट आज सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

काय झालं होतं?

ऑर्डर होती सुक्या मेव्याच्या 50 लाकडी डब्यांची, 380 रुपयांना एक. लाकूड 12 मिलिमीटर जाड, चारही कोपरे 45 अंशांत कापून जोडायचे. खोलीतल्या कामाच्या टेबलावर मी गेज ठेवलं, शून्य केलं. मग गॅलरीत जाऊन ते टेबल सॉच्या ब्लेडला लावलं आणि 45.0 दिसेपर्यंत ब्लेड कलवलं. सगळं एकदम शास्त्रशुद्ध वाटत होतं!

पण गॅलरीला पाणी निघून जावं म्हणून उतार दिलेला असतो. मशीन त्या उतारावर उभं होतं आणि टेबल सपाट खोलीत. दोन्हींत अर्ध्या अंशाचा फरक होता. त्यामुळे गेज 45 दाखवत होतं आणि ब्लेड 44.5 वर कापत होतं.

अर्धा अंश म्हणजे किती, असं वाटेल. पण एका कोपऱ्यात दोन काप येतात, म्हणजे कोपऱ्यामागे 1 अंश. डब्याला चार कोपरे, म्हणजे एकूण 4 अंश. तीन कोपरे दाबून घट्ट बसवले की सगळी फट चौथ्यात जमा होते. चूक चौघांत वाटली, तरी प्रत्येक कोपऱ्यात साधारण 0.3 मिलिमीटरची रेघ उरते. पॉलिश लावल्यावर तर ती आणखी उठून दिसते. 31 डबे परत आले.

गेज नेमकं काय मोजतं?

मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरते ना? तशाच जातीचा सेन्सर या डबीत असतो. त्याला फक्त गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. तुमचं मशीन, तुमचा टेबल त्याला माहीत नसतो. म्हणून शून्याचं बटण दाबता तेव्हा तुम्ही त्याला सांगत असता, ‘इथून पुढे मोज.’ ते ‘इथून’ चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

यातून दुसरीही गोष्ट निघते. ब्लेडचा कल हे गेज मोजतं, पण टेबलावर आडवा फिरणारा माइटर गेजचा कोन त्याला मोजता येत नाही. तो कितीही फिरवला तरी गुरुत्वाकर्षणाची दिशा तीच राहते. फोटो फ्रेमचा कोन लावायचा असेल तर दोन पट्ट्यांचा डिजिटल प्रोट्रॅक्टर लागतो. खरेदीआधी तुमचं काम कोणतं आहे ते ठरवा.

ब्लेड लावण्याची पद्धत

1. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.
2. ब्लेड पूर्ण वर घ्या. टेबलावरचा भुसा पुसा.
3. गेज त्याच मशीनच्या टेबलावर, ब्लेडला काटकोनात ठेवा आणि शून्य करा.
4. तोंड न फिरवता गेज ब्लेडला चिकटवा. ते पात्याच्या सपाट भागावर बसू दे, दातावर नको.
5. चाक फिरवताना हव्या त्या कोनाजवळ नेहमी एकाच बाजूने या. चाकात थोडी ढील असते, पुढे-मागे केलं की आकडा फसवतो.
6. लॉक घट्ट केल्यावर आकडा पुन्हा वाचा. लॉक करतानाच ब्लेड किंचित सरकतं.

मशीन जागेवरून हललं की शून्य पुन्हा करायचं. याला सूट नाही.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

डिस्प्लेवर 0.1 दिसतं म्हणून गेज तितकं अचूक असतंच असं नाही. कागदावर ‘अचूकता ±0.2 अंश’ असं लिहिलेलं सापडेल, तो आकडा महत्त्वाचा.

गेज घरीच तपासता येतं. ते सपाट जागी ठेवा, शून्याचं बटण न दाबता मूळ आकडा वाचा. मग त्याच जागी अर्धा गोल फिरवून पुन्हा वाचा. दोन्ही वेळा उतार त्याच बाजूला आणि तेवढाच दिसला पाहिजे. एकदा डावीकडे 0.6 आणि फिरवल्यावर डावीकडे 0.2 दिसलं, तर खरा उतार 0.4 आणि गेजची चूक 0.2.

शेवटचा निकाल मात्र लाकडाचा. रद्दी फळीचे दोन तुकडे कापा, जोडून धरा, आत गुण्या लावा आणि उजेडाकडे बघा. उजेड दिसला तर डिस्प्ले काहीही म्हणो, कोन चुकलाय.

घरच्या घरी तीन सुधारणा

पहिली, लांब पाया. गेजची डबी लहान, त्यामुळे तिच्याखाली भुशाचा एक कण आला तरी आकडा बदलतो. 300 मिलिमीटरची सरळ लोखंडी पट्टी घ्या आणि गेज तिच्यावर चिकटवा. लाकडाला किंवा ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तिथेही ही पट्टी उपयोगी पडते. शून्य करताना पट्टीसकट करा.

दुसरी, चुंबकाला टेप. जवळ ग्राइंडर चालत असेल तर लोखंडाचा चुरा तळाला चिकटतो आणि पुसून निघत नाही. तळाला एकसारखी पातळ टेप लावा. चुरा जमला की टेप सोलून नवी लावा.

तिसरी, मोठी बॅटरी. काही गेजमध्ये सीआर2032 हा 3 व्होल्टचा बटण सेल असतो. त्याऐवजी दोन एएए सेलचा होल्डर बाहेर जोडता येतो, कारण 1.5 अधिक 1.5 म्हणजे 3 व्होल्ट. व्होल्टेज आणि प्लस-मायनस आधी तपासा. बटण सेलला थेट सोल्डर करू नका, तो गरम होऊन फुटू शकतो. वॉरंटी बाकी असेल तर हा उद्योग थांबवा.

आता हिशोब

ऑर्डर 19,000 रुपयांची. माल 140 रुपये डब्यामागे, म्हणजे 7000. हातात 12,000 उरायला हवे होते. 31 डबे पुन्हा केले, 4340 रुपयांचा माल गेला, उरले 7660. वर चार दिवस जास्त राबलो, ते वेगळंच. गिऱ्हाईक टिकलं, कारण सगळे डबे बदलून दिले.

तेव्हापासून मशीनशेजारी एक वही लटकवलीय. तारीख, शून्य कुठे केलं, लॉकनंतरचा आकडा आणि गुण्याची तपासणी, एवढ्या चार गोष्टी लिहिल्याशिवाय दुसरा तुकडा कापत नाही. पहिला डबा पूर्ण जोडून गिऱ्हाइकाला दाखवतो, तो पसंत पडला की मगच बाकीचे. याला फार तर अर्धा तास जातो.

तुमची पहिली ऑर्डर आली असेल तर आजच ही वही सुरू करा. आणि हो, मशीनखालची फरशी एकदा तपासून बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.