इंचाला पन्नास फूट

चिमट्याच्या टोकाला तार आहे असं काका म्हणतात, म्हणून आहे म्हणायचं. मला नुसता चिमटाच दिसतोय. कपाळावर भिंग बांधलेले काका श्वास धरून पुढे वाकतात. हात मधल्या डोलकाठीच्या शेंड्यापाशी जातो, क्षणभर थबकतो आणि रिकामा होऊन परत येतो. मग टेबललॅम्पच्या उजेडात एक रेघ चमकते. डोलकाठीच्या टोकापासून डेकच्या कडेपर्यंत, एकदम सरळ.

"पाय लावू नकोस टेबलाला," ते माझ्याकडे न बघता म्हणतात.

मी पाय मागे घेतो. डोंबिवलीतल्या या बंद करून घेतलेल्या गॅलरीत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभंच राहायचं. काकू दारात उभ्या आहेत. जुलैचा पाऊस काचांवर आडवा आपटतोय आणि पंखा बंद आहे, कारण वाऱ्यानं तारा उडतात. कॉलर मानेला चिकटलेली आहे. काका मात्र मजेत दिसतात. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या इंजिनरूममध्ये नोकरी झालेल्या माणसाला गॅलरीतल्या उकाड्याचं काय! जहाजावर चीफ इंजिनीअरला बडा साब म्हणतात. सोसायटीचा वॉचमन अजून त्यांना तीच हाक मारतो.

टेबलावर आहे 'लॉयल्टी'. लांबी तेवीस सेंटिमीटर, रुंदी जेमतेम सव्वीस मिलिमीटर. खरी बोट साडेचारशे फुटांहून थोडी जास्त होती. काकांचं माप इंचाला पन्नास फूट, म्हणजे सहाशेत एक. या मापात पुरा वाढलेला माणूस तीन मिलिमीटरही भरत नाही.

५ एप्रिल १९१९ला ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या तारखेची आठवण म्हणून १९६४पासून आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. त्या दिवशी शाळेत आणि पेपरात हिचं नाव निघतं, पण ती आधी कुणाची होती हे सहसा कुणी सांगत नाही. इंग्लंडात बॅरो इथं बांधलेली ही 'एम्प्रेस ऑफ इंडिया' १८९१पासून कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी व्हँकुव्हर-हाँगकाँग फेऱ्या करत होती. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली, जखमी हिंदी सैनिकांसाठी तिची इस्पितळबोट झाली आणि नाव पडलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि मंडळींनी ती विकत घेतली. त्यांच्या जहाज कंपनीचं 'सिंदिया' हे नाव शिंद्यांवरूनच आलं. म्हणजे सिंदियाचा श्रीगणेशा एका अठ्ठावीस वर्षांच्या जुन्या बोटीवर झाला. ती कोळसा खायची, परवडायची नाही. १९२३ साली मुंबईतच मोडीत निघाली.

"जुनी गाडी घेतली की असंच होतं," काका म्हणतात. हा इंजिनीअरचा निवाडा, त्यात देशभक्ती शोधायची नाही.

हिचं किट बाजारात मिळत नाही. बिस्मार्क हवी, यामाटो हवी, तर डबा उघडा, तुकडे सुटे करा, चिकटवा. तोफा असलेल्या बोटींचं कौतुक सगळ्यांना. ज्या बोटींनी गहू, कापूस, कोळसा आणि माणसं वाहिली, त्या हव्या असतील तर बहुतेक वेळा लाकडाच्या ठोकळ्यापासून सुरुवात करावी लागते. काकांचा ठोकळा शिवणीचा आहे. शिवण कोरायला मऊ आणि पावसाळ्यात फारशी वाकत नाही. अंगाचा बाक तपासायला त्यांनी पुठ्ठ्याचे साचे कापून ठेवले आहेत. नाळेपासून मागेपर्यंत ठरावीक अंतरावर एकेक साचा टेकवायचा, उजेड धरायचा, फटीतून उजेड दिसला तर अजून घासायचं. हे सगळं मे महिन्यात उरकलं. आता दोर लावायचे.

दोर म्हणजे तांब्याची तार. स्टेशनाजवळच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणलेली, केसापेक्षा जराशीच जाड. दोरा का नाही, असं मी विचारतो. काका उत्तर देत नाहीत, शिलाईच्या दोऱ्याचा एक तुकडा भिंगाखाली सरकवतात. मी वाकून बघतो. दोऱ्याला सगळीकडून लव आहे, एखाद्या सुरवंटासारखी. सहाशे पटीनं विचार केला तर ही केसाळ काठी झाली, दोर नव्हे. शिवाय हवेतली ओल बदलली की दोरा कधी सैल पडतो, कधी ताणतो आणि डोलकाठ्या वाकवतो. तारेला ताण द्यायचाच नसतो. ती आधी दोन्ही टोकांना धरून किंचित ओढायची, की कडक आणि सरळ होते. मग डिव्हायडरनं अंतर घ्यायचं, ब्लेडनं तेवढीच कापायची आणि जागेवर नुसती टेकवायची. फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून सुईच्या टोकानं एक ठिपका वर, एक खाली.

"सुपर ग्लू?"

"या हवेत?" ते मागच्या महिन्यातली एक शिडी दाखवतात. सगळ्या सांध्यांभोवती पांढरी भुरी चढलेली आहे. दमट हवेत सुपर ग्लू लवकर धरतो, पण मागे हा पांढरा थर सोडतो. ती शिडी आता डबीत पडून आहे. काका काही फेकत नाहीत.

हे काम बघताना लक्षात येतं की इथे खरी भानगड जाडीची आहे. लांबी-रुंदी मोजपट्टीनं साधते, जाडी साधत नाही. ब्रशनं रंगाचा एक भरघोस हात दिला आणि तो मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका बसला, तर त्या मापात बोटीला इंचाहून जाड पत्रा चढला. दोन हात दिले की कडा गोल होतात, खिडक्या बुजतात आणि बोटीची साबणाची वडी झाली म्हणून समजा. डेकच्या फळ्यांचंही तेच. पाच इंची फळी या मापात मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी. काकांनी आधी कॉम्प्युटरवर सगळ्या फळ्या आखून कागदावर छापल्या होत्या. तो कागद मी हातात घेतो. मोजून बघितलं तर सगळं बरोबर, आणि दिसायला नुसती करडी चादर. बोटीवर लावलेल्या कागदावर रेघा निम्म्या आहेत, फिकट आहेत, आणि डोळ्याला लाकडाचं डेक दिसतं. खरं तेवढं सगळं दाखवलं की खोटं दिसायला लागतं. आपल्याकडच्या चरित्रलेखकांना या गॅलरीत बसवायला हवं.

काका आता तारा बाजूला ठेवून हवानळ्यांकडे वळतात. जुन्या बोटींच्या डेकवर वाऱ्याकडे तोंड करून उभी असलेली ती वाकडी भोंगळ नळकांडी, इंजिनरूममध्ये आणि खालच्या डेकवर हवा नेणारी. त्यांची युक्ती भारी आहे. सोल्डरिंगची तार आतून भरीव नसते, तिच्या पोटात फ्लक्स असतो. काका तारेचं टोक ब्लेडनं साफ कापतात, त्यात टाचणीचं टोक दाबून गोल फिरवतात. मऊ धातू उमलत जातो, तोंड रुंद होतं. मग टाचणी काढून तार तोंडापाशी वाकवायची आणि लांबीवर कापायची. ते मला करायला देतात. माझं तोंड एका बाजूनं फाटतं. "फिरवायचं, खुपसायचं नाही," काका म्हणतात आणि माझी फाटकी नळी डबीत टाकतात.

"याच नळ्यांखाली उभं राहायला आम्ही धावायचो," ते मधेच म्हणतात. "तांबड्या समुद्रात वारा मागून आला की यातून काही येत नाही. बोटीचा वेग तेवढाच, वाऱ्याचाही तेवढाच. मरणाचं उकडतं." आतली बाजू ते काळ्या रंगाच्या एका थेंबानं रंगवतात.

दोन्ही फनेलं अजून प्राइमरच्या राखाडी रंगात आहेत. कॅनेडियन पॅसिफिककडे असताना बोट पांढरी आणि फनेलं फिकट पिवळी, याबद्दल वाद नाही. पण काकांना एप्रिल १९१९ची बोट हवी आहे, आणि समोरच्या फोटोच्या प्रतीत फनेल नुसतंच गडद आहे. त्या काळच्या काचेच्या प्लेटांवर पिवळा रंग असायचा त्याहून काळपट उमटायचा. म्हणजे गडद दिसतंय ते पिवळंही असू शकतं. हे कोडं सोडवल्याशिवाय रंगाची बाटली उघडायची नाही, असं काकांनी ठरवलं आहे. माझ्या मते पिवळा लावून मोकळं व्हावं. ते ऐकत नाहीत.

काकूंचा मात्र वेगळाच मुद्दा आहे. "पस्तीस वर्षं पाण्याखाली काढली यांनी," त्या दारातून म्हणतात, "आणि बोट केली ती पाण्याच्या वरचीच."

खरं आहे. बोट पाण्याच्या रेषेवर सपाट कापलेली आहे. खाली बॉयलर नाहीत, इंजिनं नाहीत, दोन्ही पंखे नाहीत. बडा साब जिथं आयुष्यभर वावरले तो मजलाच नाही.

"मला तो पाठ आहे," काका म्हणतात. "वरचं बघायला वेळ कुठं होता?"

त्या कापलेल्या रेषेखाली जो समुद्र बसणार आहे तो आत जेवणाच्या टेबलावर वाळतोय. चुरगाळून सरळ केलेला टिश्यू पेपर, पातळ फेव्हिकॉल, वर ॲक्रिलिकचा रंग. तो निळा नाही. गढूळ, हिरवट-तपकिरी आहे. मुंबई बंदराचं पाणी निळं कुणी बघितलंय? मासिकांतल्या मॉडेलांखाली निळंशार पाणी असतं, त्यावर काका चिडतात. कापसाचा धूर लावणाऱ्यांवर त्याहून जास्त.

आता निशाण. बारीक कागदाचा तुकडा, जेमतेम चार मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंनी लाल, कोपऱ्यात युनियन जॅकचा नुसता भास. ओला असतानाच काका तो सुईवर फिरवून लाट देतात आणि पिछाडीच्या काठीला लावतात.

"स्वदेशी बोट म्हणालात ना?" काकू पुढे वाकतात. "मग हे कुणाचं?"

"एकोणीसशे एकोणीस आहे ते. हेच लावावं लागायचं. आपलं लावायचं तर 'जलउषा' करावी लागेल."

"ती केव्हाची?"

"अठ्ठेचाळीस. विशाखापट्टणम. नेहरूंनी पाण्यात सोडली."

"म्हणजे अजून एक बोट," काकू म्हणतात. "ती ठेवा कुठेही. आधी पानं घ्यायची आहेत, टेबलावरचा समुद्र उचला."

"ओला आहे अजून."

काकू आत जातात. भांड्यांचा आवाज येतो, मग हाक, "ताटं हातात घेऊन बसा रे दोघंही."